संशोधनाचं कलम कोण बांधतं?

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. कुडाळजवळच्या आमच्या गावी आत्याच्या खळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं काम चाललं होतं. बिया टोपात, साली परातीत आणि सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लाल. मध्येच आत्याने विचारलं, "गो, तू नेमका करतंस काय ता माका एकदा सांग. मास्तर नाय, कारखानदार नाय, मगे पगार कोण देता तुका?"

प्रश्न रास्त होता. मी मेकॅनिकल इंजिनीअर. सुरुवातीची काही वर्षं पुण्यात यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काढली. गेली अकरा वर्षं मात्र एकच काम करते आहे. विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत जे संशोधन होतं, त्यातलं बाजारात टिकेल असं काय आहे ते शोधायचं आणि ते वापरणाऱ्या माणसापर्यंत पोचवायचं. कागदोपत्री याला तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणतात. कधी जुन्या कारखान्याला शोध वापरायचा परवाना मिळतो, कधी नवी कंपनी उभी राहते, आणि पुष्कळदा दोन-तीन वर्षं घालवूनही काही होत नाही. त्या दुपारी आत्याला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहिते. उदाहरणही समोर होतं तेच घेते: कोकम वाळवायचं यंत्र.

वाळवणं म्हणजे काय

रातांबा एप्रिलच्या अखेरीस पिकायला लागतो. साल मीठ घातलेल्या रसात भिजवायची, उन्हात घालायची, परत रसात, परत उन्हात. असे पुट देत गेलं की आमसूल तयार होतं. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो तेव्हाही झाडावर फळ असतंच. मग खळ्यातली कोकमं पडवीत, पडवीतली माळ्यावर, आणि तरी बुरा धरायचा तो धरतोच. उरलेले रातांबे झाडाखाली कुजतात. लहानपणापासून हे बघत आल्यामुळे, एका महाविद्यालयातल्या मुलांनी कोकमासाठी ड्रायर बनवल्याचं कळलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी तिथे गेले.

ड्रायरचं तत्त्व सोपं आहे. हवा जितकी गरम, तितकी ती जास्त वाफ धरू शकते. कोकणातल्या मे महिन्यातली हवा घ्या: तापमान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. म्हणजे तिची वाफ धरायची जागा बहुतेक भरलेली आहे. हीच हवा ५० अंशांपर्यंत तापवली तर तिच्यातली वाफ तेवढीच राहते, पण धरण्याची ताकद जवळपास तिप्पट होते. सापेक्ष आर्द्रता उतरते २७-२८ टक्क्यांवर. अशी तहानलेली हवा सालींवरून फिरवली की ती पाणी ओढून घेते. एवढंच.

आता हिशेब. समजा १०० किलो ओल्या साली आहेत आणि त्यात ८५ टक्के पाणी आहे. वाळल्यावर २० टक्के ओल ठेवायची तर जवळजवळ ८१ किलो पाणी उडवावं लागेल. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटाच्या आतबाहेर, नेमकं म्हणायचं तर ०.६७ युनिट ऊर्जा लागते. झाले ५४ युनिट, आणि तेही कुठे गळती नाही असं धरून. सूर्य उन्हाळ्यात एका चौरस मीटरवर दिवसाला ५ ते ६ युनिट ओततो, त्यातले निम्मे हाती लागले तरी उत्तम. म्हणजे १०० किलो साली एका दिवसात वाळवायच्या तर २० ते २५ चौरस मीटर काच किंवा पत्रा उन्हात मांडायला हवा. आत्याचं निम्मं खळं त्यात जाईल.

मुलांचं यंत्र ५ किलोचं होतं. टेबलावर मावेल एवढं, देखणं, आणि त्यात कोकम अगदी छान वाळत होतं. निबंध लिहून झाला होता, मार्क मिळाले होते. त्यांच्या दृष्टीने काम संपलं होतं. माझं काम तिथून सुरू होतं.

कारण ५ किलोचं १०० किलो करताना यंत्र वीसपट मोठं केलं की भागत नाही. ट्रे एकावर एक रचले की खालच्या ट्रेला गरम, कोरडी हवा मिळते आणि वरच्याला खालच्यांनी ओली केलेली. खालचं कोकम करपतं, वरचं तसंच. हवा कुठून घ्यायची, कुठे वळवायची, ट्रे कधी खालीवर करायचे, हे सगळं नव्याने मांडावं लागतं. दुसरी अडचण धातूची. कोकम अतिशय आंबट, त्यात मीठ घातलेलं. ॲल्युमिनियमचे ट्रे खाल्ले जातात, जस्त चढवलेला पत्रा तर विचारूच नका. स्वयंपाकघरातलं चांगलं समजलं जाणारं ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टीलही मीठ आणि आंबट एकत्र आले की बारीक खड्डे पडून गंजतं. मॉलिब्डेनम असलेलं ३१६ प्रतीचं जास्त टिकतं, पण त्याची किंमत ऐकून मुलांचे चेहरे उतरले. शेवटी खाद्यपदार्थांना चालणाऱ्या प्लॅस्टिकची जाळी वापरायचं ठरलं. निबंधात यातलं काही नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. संशोधकाचा प्रश्न होता "वाळेल का?", आणि त्याचं उत्तर त्यांनी चोख दिलं होतं.

नऊ पायऱ्या आणि मधली दरी

अमेरिकेच्या नासाने यासाठी एक मोजपट्टी बनवली, ती आता जगभर वापरतात. एखादं तंत्र किती तयार आहे ते १ ते ९ अशा पायऱ्यांत सांगायचं. पहिल्या पायरीवर नुसतं तत्त्व कळलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ते प्रयोगशाळेत चालतं. सहाव्या-सातव्या पायरीवर खऱ्या परिस्थितीत, म्हणजे आपल्या बाबतीत खाऱ्या वाऱ्यात, विजेच्या लपंडावात आणि मुलाबाळांच्या हातात. नवव्या पायरीवर ते रोजच्या वापरात रुळलेलं असतं.

विद्यापीठाचा पैसा बहुधा चौथ्या पायरीपर्यंत पुरतो. उद्योजक आणि बँका सातव्याच्या पुढे आल्या की बोलतात. मधल्या पायऱ्यांना वाली नसतो. इंग्रजीत या टप्प्याला मृत्यूची दरी म्हणतात. मला ते नाव आवडत नाही, पण त्यात खोटं काही नाही. आपल्याकडे ती बुजवायला आता काही योजना आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या निधी-प्रयास योजनेतून नमुना यंत्रासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. २०२१ साली सुरू झालेल्या स्टार्टअप इंडिया बीजनिधीतून संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे बाजारात उतरताना ५० लाखांपर्यंत कर्जाच्या किंवा भागभांडवलात बदलता येणाऱ्या स्वरूपात पैसा मिळू शकतो. जैवतंत्रज्ञानातलं काम असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं अनुदान आहे. हे पैसे थेट घरी येत नाहीत, मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फत येतात. इन्क्युबेटर म्हणजे नव्या कंपनीला जागा, यंत्रं, वकील, हिशेबनीस आणि जरा धाक पुरवणारं घर. आयआयटी मुंबईचं साइन हे असं घर २००४ साली सुरू झालं. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज त्याच कॅम्पसवरच्या मुलांची, साइनमध्ये वाढलेली. २००७ साली कंपनी झाली आणि २०२३ साली तिचे शेअर बाजारात आले. म्हणजे १६ वर्षं. हापूसचं झाडही त्याच्या कितीतरी आधी फळाला येतं, आणि म्हणूनच मी मुलांना हा आकडा आधी सांगते.

कलम

हे सगळं ऐकून आत्या म्हणाली, असलं काही आपल्याकडे झालेलं तिने पाहिलं नाही. मी तिला मागच्या परड्यातली काजूची झाडं दाखवली.

ती कलमं आहेत, वेंगुर्ला-४ जातीची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात मिदनापूर रेड आणि वेतोरे ५६ या दोन झाडांच्या संकरातून ही जात तयार झाली आणि १९८१ साली प्रसारित झाली. वेतोरे म्हणजे आपलंच, वेंगुर्ला तालुक्यातलं गाव. पुढे १९९७ साली वेंगुर्ला-७ आली, तिची बी साधारण १० ग्रॅमची, हातात घेतली की वजन कळतं. हे केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, आणि विद्यापीठ १९७२ सालचं. म्हणजे विद्यापीठातलं संशोधन आत्याच्या परड्यात उभं होतं, दर वर्षी पैसे देत होतं, आणि तिला ते संशोधन आहे हे ठाऊकही नव्हतं. याहून चांगलं हस्तांतरण मला सांगता येणार नाही.

ते घडलं कसं ते पाहण्यासारखं आहे. जात तयार झाली हा पहिला भाग. बी लावली तर आईबापांचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, म्हणून कलम हवं. काजूचं मृदुकाष्ठ (कोवळ्या खोडावरचं) कलम बांधायची पद्धत अशी बसवली गेली की गावातला शिकलेला माळी एका दिवसात ढीगभर कलमं बांधू शकेल. हा दुसरा भाग. मग शासकीय आणि परवानाधारक खाजगी रोपवाटिका उभ्या राहिल्या, आणि १९९० साली राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली, तिने कलम विकत घ्यायला शेतकऱ्याच्या हातात पैसा दिला. यातला एक जरी भाग नसता तरी वेंगुर्ला-४ संशोधन केंद्राच्या कुंपणाआतच राहिली असती.

कोकमाचंही तेच. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बियांपासून रोपं केली तर जवळपास निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. दापोलीने १९९७ साली कोकण अमृता ही जात दिली, ती कलमाने वाढवायची. कलम मादी झाडाचं, त्यामुळे वाट बघून शेवटी हात हलवत बसायची वेळ येत नाही.

माझं काम मला कलम बांधण्यासारखंच वाटतं. वर बांधायची डोळकाडी विद्यापीठाची, खालचा मुळांसकटचा खुंट उद्योगाचा. दोन्हींची जाडी जुळली पाहिजे, सालीला साल भिडली पाहिजे, आणि जोड सांधेपर्यंत पट्टी घट्ट हवी. पेनाएवढ्या काडीला मनगटाएवढा खुंट देऊन चालत नाही. मी पाहिलं आहे, दोन मुलांच्या लहानशा शोधाला एका मोठ्या कंपनीने हात दिला आणि वर्षभरात तो शोध त्या कंपनीच्या फायलींत कुठे गेला ते मुलांनाही सापडेना. वाईट हेतू कोणाचाच नव्हता.

आधी अर्ज, मग भाषण

आता पेटंट. पेटंट म्हणजे शोध सर्वांसमोर उघड करायचा, आणि त्या बदल्यात सरकारकडून अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं इतरांना तो न विचारता वापरण्यापासून रोखायचा हक्क घ्यायचा. त्यासाठी शोध नवा हवा. नवा म्हणजे अर्जाच्या आधी जगात कुठेही, कोणीही, अगदी तुम्ही स्वतःही तो प्रसिद्ध केलेला नको.

इथेच आपल्या महाविद्यालयांत सर्वांत जास्त नुकसान होतं. माझ्या या कामातल्या पहिल्याच वर्षी एका संस्थेतल्या प्राध्यापकांनी फार सुंदर काम दाखवलं. मी हरखून गेले. चार दिवसांनी कळलं की त्याच कामाचा तक्ता दीड वर्षापूर्वी एका परिषदेत भिंतीवर लागला होता, आकृत्यांसकट. भारतीय कायद्यात काही मोजके अपवाद आहेत, त्यातल्या एकातही ते बसत नव्हतं. ते सर मला विचारत राहिले, "पण मॅडम, चोरी तर कोणी केली नाही ना?" त्यांना काय उत्तर द्यावं ते मला तेव्हा सुचलं नाही. आता मी प्रत्येक विभागात जाऊन सांगते: परिषदेला जायच्या आदल्या दिवशी का होईना, तात्पुरता अर्ज दाखल करा. तारीख तुमची होते आणि पूर्ण अर्ज द्यायला १२ महिने मिळतात. स्टार्टअपला किंवा एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे. शैक्षणिक संस्थांनाही २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे. वकिलाचा खर्च वेगळा, पण तारीख राखायला तो आडवा येऊ नये.

ही चूक करणारे आपण एकटे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातले हर्बर्ट बॉयर यांनी जनुकं कापून जोडायची पद्धत १९७३ साली निबंधातून जगासमोर ठेवली. पेटंटचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. स्टॅनफर्डमध्ये तेव्हा नील्स रायमर्स नावाचे गृहस्थ होते. ते १९६८ साली विद्यापीठाच्या करारमदारांच्या कामावर आले होते. तिथल्या शोधांतून त्याआधीच्या बऱ्याच वर्षांत मिळून ५ हजार डॉलरही आले नव्हते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बाहेरच्या वकिलांवर न विसंबता विद्यापीठातच एक छोटा विभाग चालवून पाहिला. पहिल्याच वर्षी ५५ हजार डॉलर आले, आणि १९७० साली तो विभाग कायमचा झाला. १९७४ साली वर्तमानपत्रात या जनुकांच्या कामाची बातमी वाचून रायमर्स कोहेन यांच्याकडे गेले. अमेरिकेत स्वतःचा शोध प्रसिद्ध केल्यावर एक वर्षाची मुभा असते. ती संपायला आठवडा उरला असताना अर्ज गेला. बाकीच्या जगातले हक्क मात्र निबंध छापला गेला त्याच दिवशी गेले होते.

मला यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पेटंट मिळाल्यावर त्यांनी ते एकाच कंपनीला दिलं नाही. मागेल त्याला, माफक वार्षिक फी घेऊन परवाना. शेवटी चारशेहून जास्त कंपन्यांनी तो घेतला, आणि १९९७ साली मुदत संपेपर्यंत एकूण २५ कोटी ५० लाख डॉलर जमा झाले. स्टॅनफर्डची वाटणीची रीत अशी की रायमर्स यांच्या विभागाचा खर्च वजा करून उरलेले पैसे तीन सारखे भाग करायचे: एक संशोधकाला, एक तो शिकवतो त्या विभागाला, एक त्याच्या विद्याशाखेला. सहकाऱ्यांना हेवा वाटण्याऐवजी आपलाही शोध न्यावासा वाटतो, ते यामुळे.

अमेरिकेत १९८० साली बे-डोल कायदा आला. त्याआधी सरकारी पैशांतून झालेल्या शोधांचे हक्क बहुतांशी सरकारकडे राहत. अशी २८ हजारांच्या आसपास पेटंट्स पडून होती आणि त्यांपैकी ५ टक्केही कोणी वापरायला घेतली नव्हती. कायद्याने हक्क विद्यापीठांकडे दिले. आपल्याकडे तसं विधेयक २००८ साली राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे प्रत्येक संस्थेचं धोरण वेगळं. मुलांनो, प्रयोगशाळेत पहिला स्क्रू फिरवायच्या आधी आपल्या संस्थेचं धोरण मागून वाचा. हे मी अगदी कळकळीने सांगते, कारण यंत्र चालायला लागल्यावर तो प्रश्न विचारणाऱ्यांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

शेतीबद्दल एक वेगळी गोष्ट. भारतात झाडं, बी-बियाणं आणि शेतीची पद्धत यांना पेटंट मिळत नाही. नव्या जातींसाठी २००१ सालचा वेगळा कायदा आहे. त्यात झाडांच्या आणि वेलींच्या जातींना १८ वर्षांपर्यंत संरक्षण मिळतं, आणि आपल्या शेतातलं बी राखायचा, परत पेरायचा, देवाणघेवाण करायचा शेतकऱ्याचा हक्क मात्र शाबूत राहतो. म्हणून कोकम वाळवण्याच्या यंत्राला पेटंट मिळू शकतं, कोकमाच्या कलमाला नाही.

परवाना की कंपनी?

शोध हातात आला की दोन वाटा. पहिली, आधीच यंत्रं विकणाऱ्या कारखान्याला परवाना द्यायचा आणि विक्रीवर रॉयल्टी, म्हणजे ठरलेला हिस्सा, घ्यायची. शोध लहान असेल, एखाद्या चालू यंत्रात बसणारा असेल, तर हीच वाट बरी. दुसरी, नवी कंपनी काढायची. शोधाभोवती बाजारच नवा घडवायचा असेल तेव्हाच ही वाट, कारण यात माणसाची ऐन उमेदीची वर्षं जातात. नव्या कंपनीकडे रोख नसते, म्हणून विद्यापीठ कधी फीऐवजी शेअर घेतं. गूगलच्या शोधपद्धतीचं पेटंट स्टॅनफर्डचं होतं. त्याबदल्यात मिळालेले १८ लाख शेअर विद्यापीठाने २००५ पर्यंत ३३ कोटी ६० लाख डॉलरना विकले. असं दर पिढीत एखाद्या वेळी होतं. त्यावर कोणी संस्थेचं अंदाजपत्रक बेतू नये.

पैसे देणार कोण

कोकमाच्या यंत्राकडे परत येते. समजा १०० किलोच्या यंत्राला ३ लाख रुपये पडले. कोकमाचा हंगाम फार तर ६० दिवस. म्हणजे ६,००० किलो साली. किलोमागे ५ रुपये वाळवणावळ घेतली तर वर्षाला ३० हजार. यंत्राचे पैसे फिटायला १० वर्षं, तेही वीज, मजुरी, दुरुस्ती न धरता. एवढं यंत्र एका घराने विकत घेणं हा वेडेपणा ठरेल. माझ्या मुलांना हे मान्य करायला सहा महिने लागले, कारण त्यांचं यंत्र चांगलं होतं.

मग हिशेब उलटा मांडला. तेच यंत्र आंबापोळीला, फणसपोळीला, हळदीला, खोबऱ्याला, आल्याला चाललं तर? २०० दिवस भरले तर वर्षाला लाखभर रुपये होतात आणि तीन वर्षांत मुद्दल सुटतं. म्हणजे यंत्र विकायचं नाही, वाळवून द्यायचा धंदा करायचा. गावात एक यंत्र, बचत गटाच्या ताब्यात, गिरणीवर दळण नेतात तसं कोकम घेऊन यायचं. पण हळद वाळवलेल्या ट्रेवर आंबापोळी घातली की पिवळी पडते, म्हणून ट्रेचे संच वेगळे. एक बदल केला की यंत्राची निम्मी रचना हलते. व्यवसायाचा प्रश्न आणि इंजिनीअरिंगचा प्रश्न असे एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून हे काम करायला निव्वळ व्यवस्थापन शिकलेला माणूस अपुरा पडतो असं माझं मत आहे.

आमचं पहिलं मोठं यंत्र आम्ही एका गावात मे महिन्यात बसवलं आणि चतुर्थीला परत गेलो. पंख्याची मोटर गंजून घट्ट बसली होती. ती जागच्या जागी बदलून देणारं जवळपास कोणी नव्हतं, मोटर कोल्हापूरला पाठवावी लागणार होती, म्हणून तिथल्या बायकांनी यंत्र झाकून ठेवून दिलं होतं. त्यावर हळदीकुंकवाचं बोट मात्र होतं. मला तेव्हा रडू आवरलं नाही. आता आमचा नियम आहे: कुडाळच्या किंवा सावंतवाडीच्या दुकानात मिळत नाही असा सुटा भाग यंत्रात घालायचा नाही, जरी त्याने कार्यक्षमता चार टक्के उतरली तरी.

हे काम कोणी करावं

इंजिनीअरिंगची पदवी घेऊन लगेच या कामात येऊ नये. पाच-सात वर्षं कारखान्यात घालवा, वस्तू बनते कशी, मोडते कशी, तिचे पैसे वसूल कसे होतात ते बघा. मग पेटंटचं लिखाण वाचायला शिका, ते कठीण नाही, रटाळ आहे. पेटंट एजंटची परीक्षा विज्ञान किंवा इंजिनीअरिंगच्या पदवीधरांना देता येते. करार वाचायला शिका. आणि ऐकायला शिका, प्राध्यापकाचं, कारखानदाराचं, आणि जिच्या खळ्यात यंत्र बसणार तिचंही. माझा दिवस निम्मा प्रयोगवह्या वाचण्यात आणि निम्मा फोनवर जातो.

कोकणात या कामाला वाव आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, लोणेऱ्याला १९८९ साली स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. काजूचा गर विकून आपण बोंडू झाडाखाली टाकून देतो, जे बीच्या कितीतरी पट वजनाचं असतं. यावर प्रयोग झालेले आहेत. दोन्हीकडची भाषा येणारी माणसं कमी आहेत.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी पिशवीतून आमच्या यंत्रात वाळवलेलं कोकम काढून आत्याच्या हातावर ठेवलं. तिने ते दाबलं, मोडलं, जिभेवर ठेवलं. म्हणाली, "ही भायरसून कडकडीत, आतसून ओलीच हत. पावसात ह्येंका बुरो येतलो."

बरोबर होतं. फार जलद वाळवलं की वरचा थर कडक होतो आणि आतलं पाणी कोंडतं. आमच्या ओलमापकाने सरासरी दाखवली होती, आतली ओल दाखवली नव्हती. मी विचारलं, मग तू काय करतेस?

"रातची ढीग घालून झाकून ठेवूक व्हयी. सकाळी तेंका घाम येता. मगे परत उनात."

भात वाळवण्याच्या मोठ्या यंत्रांत हेच करतात, त्याला टेंपरिंग म्हणतात. मध्ये विश्रांती दिली की आतलं पाणी पृष्ठभागावर येतं आणि पुढचं वाळवणं कमी उष्णतेत होतं. आत्या हे तिच्या सासूकडून शिकली. आम्ही आठ महिने हवेचा वेग बदलत बसलो होतो.

पारंपरिक ज्ञानावर आपल्याकडे पेटंट मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे महासंचालक असताना संस्थेने जुने ग्रंथ पुरावा म्हणून ठेवले, आणि १९९७ साली ते रद्द झालं. माशेलकर मूळचे शेजारच्या गोव्यातल्या माशेलचे. म्हणून आमच्या अर्जात रात्रीच्या विश्रांतीवर आम्ही हक्क सांगणार नाही. ती पद्धत कोकणातल्या घरांतून आली असं त्यात लिहिलं आहे, आणि चाचण्यांच्या खर्चात आत्यासाठी सल्लागाराची फी धरली आहे. हक्क मागतो आहोत तो फक्त हवा वळवायच्या झडपेवर.

नियंत्रक बदलून झाला. रात्री दहा ते सकाळी सहा पंखा बंद, झडप मिटलेली. पहिला घाणा मृगाच्या आधी काढायचा आहे, आणि आत्याने त्यासाठी मागच्या परसातल्या दोन झाडांचे रातांबे राखून ठेवलेत.